थांबणारी फटफटी

तिगावात भगवंतरावांची फटफटी येते आहे हे लोकांना दोन आवाजांनी कळायचं. एक फटफटीचा आणि दुसरा खुद्द भगवंतरावांचा. "सरकाऽ! अबे सरका नं!" गावात शिरता शिरताच हा दुसरा आवाज सुरू व्हायचा. मग कोंबड्या, बकऱ्या, ओट्यावरून पाय सोडून बसलेली म्हातारी माणसं, जे जे सरकण्यासारखं असेल ते सरकायचं. न सरकणारं एकच होतं, भगवंतरावांच्या घरासमोरचं निंबाचं झाड. त्याला त्यांच्या पोरानं, प्रफुल्लनं, ट्रॅक्टरचा जुना टायर बांधून ठेवला होता. भगवंतराव अर्ध्या गल्लीपासून गिअर पाडत, दोन्ही चपला घासत यायचे, टायरला गाडी टेकवायचे आणि ऐटीत उतरायचे.

गाडी जुनी राजदूत. इंजिन त्यांनी बैलासारखं जपलेलं. टाकी रोज पुसायची, पावसात वरून ताडपत्री टाकायची, परक्याला हात लावू द्यायचा नाही. पण ब्रेक या वस्तूकडे मात्र त्यांचं मन कधी गेलंच नाही. पुढचा केव्हा मेला ते कोणाला आठवत नव्हतं. मागचा दाबला की आतून कुंईऽ असं काहीतरी रडायचं आणि गाडी आपल्या वाटेनं जात राहायची. कोणी बोललंच तर भगवंतराव म्हणायचे, "गाडी जायाले असते बाप्पा. थांबाले तं घर हाये."

मागे बसणाऱ्या मनकर्णेला उतरायची जागा ठरलेली होती. पिठाच्या चक्कीपाशी चढ लागायचा, तिथं गाडी जराशी धिमी व्हायची. तेवढ्यात ती एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं पिशवी सावरून उडी घ्यायची, गाडीबरोबर थोडी पळायची आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चालू लागायची. गावातल्या नव्या सुना हे पाहायला दारात यायच्या. अलीकडे गुडघे धरले तेव्हापासून मात्र मनकर्णेनं फटफटीवर बसणंच सोडलं. "तुमी जाऊन या, माहे गुडघे दुखतेत," एवढंच म्हणायची. भगवंतरावही एकटेच जाऊन यायचे.

या सगळ्याला वळण लागलं ते सौंसरच्या फोनानं.

त्यांची पोरगी सुचिता सौंसरला दिलेली. व्याही हेमंतराव सिंचन खात्यातून रिटायर झालेले, बोलायला मऊ, कपड्याला कडक इस्त्री. सुचिताच्या साक्षगंधाला भगवंतराव फटफटीवरच गेले होते. व्याह्यांच्या दारात उतार होता. गेट उघडं होतं, आत नव्या टाइलवर विहीणबाई नलिनीताईंनी सकाळपासून बसून काढलेली रांगोळी होती, आणि रांगोळीच्या पलीकडे आचाऱ्यानं मठ्ठ्याचं भलंमोठं पातेलं, म्हणजे गंज, ठेवला होता. भगवंतराव "सरका!" म्हणाले. माणसं सरकली. गंज सरकला नाही. मठ्ठा पाहुण्यांच्या खुर्च्यांखालून वाहत थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. हेमंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "या." वरून फटफटी जिथं थांबली तिथं तिनं काळ्या तेलाचा एक डाग टाकला. नलिनीताईंनी लिंबू लावून पाहिलं, सोडा लावून पाहिला. शेवटी त्यावर कुंडी ठेवली.

तेव्हापासून कोणत्याही कार्याचं बोलावणं आलं की हेमंतराव शेवटी एक वाक्य न चुकता घालायचे. आताही त्यांनी घरावर माडी चढवली होती, तिच्या वास्तूचं बोलावणं करायला फोन केला, आणि गोड आवाजात म्हणाले, "आणि हे पाहा भगवंतराव, बसनंच या बरं. मी स्टँडवर घ्यायला येतो."

भगवंतरावांनी फोन ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बसनं या म्हनते! मी का पोतं हावो का, स्टँडवरून उचलून न्याले?"

मनकर्णा अंगणात कुरडयांचा गहू वाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बराबरच तं म्हनून राहिले."

"मी फटफटीवरच जाईन. अन् त्याईच्या गेटात, त्याईच्या डोयासमोर, जिथी ठरवीन तिथी गाडी उभी करीन. ब्रेक नवा टाकतो."

"टाका. मी बसनं चालली. तुमी या निंबाले धडका मारत."

दुसऱ्याच दिवशी भगवंतराव पांढुर्ण्याला कुलदीपच्या गॅरेजवर गेले. तिथं सगळ्या नव्या चकचकीत गाड्या उभ्या. कुलदीपनं मागचं चाक खोललं, आत पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "काका, याच्यात लायनर नाही. लायनरची याद हाये."

त्याच्याकडे गाड्यांची रांग होती, चार दिवस थांबा म्हणाला. भगवंतरावांना थांबायचं नव्हतं. "तू सामान दे, मीच बसवतो," ते म्हणाले. कुलदीपनं दोन्ही चाकांचे शू, ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते, काढून घेतले, लायनर चढवणाऱ्याकडून नवं लायनर चढवून आणलं, कागदात गुंडाळून हातात दिलं. अर्धचंद्रासारख्या लोखंडावर कोरं करकरीत लायनर.

"एक ध्यानात ठेवा काका. याले तेला-ग्रीसचा हात नाही लागला पायजे. काम साफ पायजे. घाण केली का ब्रेक गेला."

"मले नोको शिकवू बे. तू रांगत होता तव्हा मी इंजिन खोलून बसवत होतो."

ब्रेकाचं काम भगवंतरावांनी घरच्या छपरीत काढलं. अंगणात तीन बाजांवर मनकर्णेच्या कुरडया वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र. छपरी तिनं सकाळीच शेणानं सारवली होती. भगवंतरावांनी ओल्या सारवणावर गाडी आडवी घातली, पाने इकडे, नट तिकडे, साखळी काढून उंबऱ्यावर ठेवली आणि मागचं चाक मांडीवर घेऊन बसले. ब्रेकाची प्लेट ओढून काढली. आत कित्येक वर्षांची काळी भुकटी साचली होती. ती पाहून त्यांना मोठा आनंद झाला. त्यांनी गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

भुकटी आधी त्यांच्या तोंडावर आली. मग मिशांवर. राहिलेली वाऱ्यानं उचलली आणि अंगणातल्या तिन्ही बाजांवर नेऊन सारखी वाटली.

मनकर्णा मागच्या दारानं आली. तिनं कुरडयांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. काळ्या तोंडात भगवंतरावांचे डोळेच काय ते पांढरे दिसत होते.

"हे काय करून राहिले तुमी?"

"साफ करून राहिलो," भगवंतराव म्हणाले.

ती वाकून कुरडया उचलायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं भगवंतरावांना वाटलं. पण आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. शूंना जुनी स्प्रिंग अडकवताना ती टणकन उडाली आणि कुठं गेली ते दिसेना. ती शोधण्यात दुपार झाली. स्प्रिंग कुरडयांच्या चिकाच्या पातेल्यात सापडली. तोवर भूक लागली होती. सुनेनं, दामिनीनं, आत भजी काढली होती, तिनं सासऱ्यासमोर ताटली आणून ठेवली. मग एका हातानं भजं आणि दुसऱ्या हातानं शू असं काम सुरू झालं. मधूनमधून हात बदलत होते. ग्रीस त्यांनी सढळ हातानं लावलं, जिथं लागतं तिथं आणि जिथं लागत नाही तिथंही. "गाडी गुळगुळीत चालाले पायजे," त्यांनी दामिनीला समजावून सांगितलं.

संध्याकाळी दोन्ही चाकं बसली. छपरीभर काळे पाय उमटले होते, माठाच्या गळ्याला काळी पाचही बोटं दिसत होती, आणि मांजर एका बाजूनं काळं झालं होतं. भगवंतराव अंग न धुताच गाडीवर बसले. "येतो चक्कर मारून."

संत्र्याच्या बगिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लांब उतार आहे. उताराच्या शेवटी बांधावर मृगाच्या बहाराचा शेवटचा माल भरणं चालू होतं. व्यापारी संदीप खुर्ची टाकून बसला होता, बाया संत्री निवडत होत्या, आणि सडकी, फुटकी फळं एका बाजूला ढिगानं टाकलेली होती. भगवंतरावांनी वरूनच संदीपला हात केला. चार लोकांसमोर ब्रेक दाखवायची याहून चांगली जागा नव्हती. त्यांनी पाय दाबला.

आज कुंई असंही काही वाजलं नाही. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. नेहमीची "सरका" ही आरोळीसुद्धा त्यांच्या तोंडून निघाली नाही, कारण नव्या ब्रेकावर त्यांचा पूर्ण भरोसा होता. फटफटी संदीपच्या खुर्चीला वळसा घालून सडक्या संत्र्यांच्या ढिगात छातीपर्यंत शिरली.

 मग संदीप उठला, ढिगापाशी आला आणि अदबीनं म्हणाला, "काका, माल पाहाले आले का?"

बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. भगवंतरावांच्या कानातून रस गळत होता. गाडी त्यांनी ढकलत घरी नेली. मागे मागे माशांचा थवा गेला.

दोनदा साबण लावून आंघोळ केली तरी वास जाईना. रात्री जेवताना प्रफुल्ल म्हणाला, "बाबा, माह्या गाडीवर चाला सौंसरले. मी नेऊन देतो." भगवंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच ताटात ठेवला आणि उठले. आपल्याला कोणी "नेऊन देतो" म्हणावं, हे त्यांना मठ्ठ्याच्या गंजाहून जास्त लागलं होतं.

सकाळी ते खालमानेनं उठले, ते शू काढून पिशवीत घातले आणि पांढुर्ण्याला निघाले. बसनं. खिडकीकडे तोंड करून बसले, कोणी ओळखू नये म्हणून.

कुलदीपनं शू हातात घेतले, उलटे-पालटे केले, नाकाजवळ नेले.

"काका, हे तळले का तुमी?"

भगवंतराव रांगेतल्या गाड्या मोजू लागले.

"कांद्याचे भजे होते काय?"

"मिरचीचे," भगवंतराव म्हणाले.

कुलदीपनं हे लायनर आता कामाचं नाही म्हणून सांगितलं, दुसरं चढवून दिलं आणि या वेळी कागदावर कागद, वर सुतळी असं बांधून दिलं. "घरी कोनी साफ हाताचं हाये का?" त्यानं विचारलं. भगवंतराव त्याच्यावर ओरडणार होते. पण ओरडण्याआधी त्यांना तो प्रश्न पटला.

घरी आल्यावर पुडकं त्यांनी मनकर्णेसमोर ठेवलं. ती कुरडयांचा दुसरा घाणा टाकत होती, सोऱ्या दाबत होती. भगवंतराव जरा वेळ निंबाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "हे तू धरशीन का?"

"काय?"

"हे. बसवताना. माहे हात…" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नखांत काळं, रेषांत काळं. "माह्यानं हे साफ होत नाही."

मनकर्णेनं सोऱ्या खाली ठेवला. "कुरडया होऊ द्या. उद्या सकाळी पाहू. अन् छपरीत नाही. निंबाखाली."

सकाळी तिनं निंबाखाली सडा टाकला, धूळ बसवली. खताचं रिकामं पोतं उसवून पसरलं, त्यावर जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा. नट-बोल्ट ठेवायला फुटक्या कडीची परात. पेट्रोलची वाटी चुलीपासून लांब, पोराटोरांच्या हाताबाहेर. मग तिनं साबणानं हात धुतले, पदराला न पुसता उन्हात धरून वाळवले आणि पोत्याच्या एका कडेला मांडी घातली.

"आता ऐका. काये हात तुमचे, साफ हात माहे. लोखंड, तेल, साखळी, जे का घान हाये ते तुमचं. हे दोन शू माहे. याले तुमी शिवायचं नाही. माशी बसली तरी मी हाकलीन."

"बरं."

"अन् फुकायचं नाही."

भगवंतरावांचे गाल अर्धे फुगलेच होते. त्यांनी हवा नाकावाटे सोडली आणि ओल्या फडक्यानं ड्रम पुसायला घेतला. फडकं काळं झालं की मनकर्णा काठीनं उचलून बाजूला टाकायची आणि दुसरं द्यायची. मग पेट्रोलचा बोळा फिरवला, पॉलिश पेपरनं ड्रमची आतली बाजू घासली. लोखंड उजळलं. गाडी घेतल्यापासून भगवंतरावांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

काम हळूहळू चालू झालं. ओट्यावरचे म्हातारे एकेक करून येऊन बसले. प्रफुल्ल चहा घेऊन आला तर मनकर्णेनं त्याला लांबूनच थांबवलं. "चहा आंघोय करून आला का?"

शू फाकवणारी कॅमची छोटी दांडी असते, तिथं मात्र ग्रीस लागतं. भगवंतरावांनी बोटभर उचललं. मनकर्णेनं नुसतं पाहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"कुकवाच्या टिकलीएवढं."

त्यांनी टिकलीएवढं लावलं. उरलेलं कुठं पुसावं ते कळेना, तसं ते बोट वर धरून बसून राहिले.

"मनकर्णा, एक विचारू?" जरा वेळानं ते म्हणाले. म्हाताऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली. "गुडघे बरे झाले का तू बसशीन नं गाडीवर? पयल्यासारखी?"

मनकर्णा स्प्रिंग कोऱ्या फडक्यानं पुसत होती. "गुडघे आता दुखून राहिले. भेव तं पयलेपासूनच हाये."

"भेव? तुले? तू तं कशी मस्त उडी मारत होती!"

"मग का करू? बसून राहू? निंबापर्यंत?" ती म्हणाली. "तुमी थांबतच नोयते. तुमाले सांगतलं असतं तं तुमी हासले असते. बहिनीच्या घरावरून जायाचो, ती दारात उभी राहून हात करे, मी गाडीवरूनच हात करो. तिच्या घरचा चहा पिऊन मले वर्सं झाले. मग म्हटलं, जाऊच नाही. घरीच बरी."

भगवंतराव हातातला पाना पुसू लागले. पाना आधीच साफ होता. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की या बाईला घर सोडून कुठं जायला आवडतच नाही. तसं त्यांनी चार ठिकाणी सांगितलंही होतं. "आमच्या मनकर्णेले फिरायचा शौक नाही."

"आता दाबा कसं हे?" मनकर्णेनं विचारलं.

दोन्ही शूंना स्प्रिंगा अडकवून, पुस्तक अर्धं उघडल्यासारखं उभं धरायचं आणि प्लेटवर टेकवून दोन्हीकडून खाली दाबायचं, असं भगवंतरावांनी हात न लावता हवेतच करून दाखवलं. मनकर्णेनं तळहात ठेवले. सोऱ्या दाबून दाबून तिच्या मनगटात जो जोर आला होता तो तिथं कामी आला. खट् आवाज झाला आणि दोन्ही शू जागेवर बसले. तिचे हात साफच होते. ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला, "जमलं वो!" मनकर्णा हसली, आणि मग आपण हसतोय हे लक्षात येऊन खाली पाहू लागली.

पुढचं चाकही तसंच झालं. दुपारी पोतं गुंडाळून झालं तेव्हा निंबाखाली सड्याची ओल तेवढी उरली होती, डाग एक नव्हता. भगवंतरावांनी गाडी चक्कीपर्यंत नेली आणि वळवली. सगळी गल्ली भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यांनी पाय जुन्या सवयीनं जोरानं दाबला. फटफटी जागच्या जागी थांबली. भगवंतराव मात्र थांबले नाहीत, ते सरकून टाकीवर आले आणि हनुवटी हँडलला लागली. समोर एक कोंबडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. ती त्यांच्याकडे मान वाकडी करून पाहत राहिली, मग पुन्हा दाणे टिपू लागली.

वास्तूच्या दिवशी सकाळी भगवंतराव पांढरं धोतर-सदरा, टोपी घालून तयार झाले. मनकर्णेनं हिरवं लुगडं नेसलं, आहेराची पिशवी मांडीवर घेतली आणि मागे बसली. तिनं डाव्या हातानं त्यांच्या खांद्याला धरलं. बोटं चांगलीच रुतली होती.

पुढच्या वळणावर ती म्हणाली, "थांबा बरं."

"का झालं?"

"काही नाही. पाहून राहिली होती, थांबते का."

गाडी थांबली होती. ती उतरून पुन्हा बसली. आता बोटं तेवढी रुतत नव्हती. पांढुर्णा आलं तसं ती म्हणाली, "जरा सरलाच्या घराकडून घ्या." सरला तिची बहीण. दारात अंगण झाडत होती. फटफटी पाहून तिनं सवयीनं हात केला आणि आत वळली. मग फटफटी दारात उभी राहिलेली पाहून हातातला झाडू तिनं तिथंच टाकला. चहा झाला. सोबत चिवडा झाला. दोघी बहिणी आत जाऊन काय बोलल्या ते कळलं नाही, पण बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे ओले होते आणि दोघी हसत होत्या. भगवंतरावांनी घड्याळ पाहिलं.

"आता सरळ?"

"सावरगावच्या पुलावरून घ्या."

"तो तं उलटा पडते."

"घ्या नं."

जाम नदीच्या पुलावर तिनं गाडी उभी करायला लावली. या पुलावरून ती लग्न होऊन आल्यापासून जात होती, पण उभी अशी कधी राहिली नव्हती. गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर दगड मारतात, तेव्हा इथं काय काय होतं ते तिनं आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकलेलं. आता नदीत पाणी थोडंच होतं, दगड मात्र होते. ती कठड्याला धरून खाली पाहत राहिली. "एवढीशी नदी हाये," ती म्हणाली. "मले वाटे लय मोठी असन."

मग रस्त्याला लागल्यावर मोहाची झाडं आली. खाली फुलं सांडली होती, बाया वेचत होत्या. थांबा. तिनं ओंजळभर वेचली, रुमालात बांधली, वेचणाऱ्या बायांना कुठल्या गावच्या म्हणून विचारलं. पुढे रसवंती. थांबा. पुढे कुंभार रस्त्याच्या कडेला माठ मांडून बसला होता. थांबा. तिनं एकेक माठ बोटानं वाजवून पाहिला आणि सुचितासाठी एक घेतला, तो मांडीवर घेऊन बसली. जामसावळीच्या फाट्यावर मारोतीला रस्त्यावरूनच हात जोडायचे म्हणाली, तर हात जोडायला माठ भगवंतरावांना धरावा लागला. मधे दोनदा हेमंतरावांचा फोन वाजला, तेव्हा भगवंतराव माठ धरून उभे होते.

सकाळी निघताना त्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र होतं. हेमंतराव गेटात उभे, नलिनीताई मागे, आणि आपली फटफटी उतारावरून येऊन गेटाच्या बोटभर अलीकडे थांबते आहे. सौंसरला गल्लीत वळताना त्यांनी टोपी सारखी केली, छाती पुढे काढली, उतार लागला तसा दोन्ही ब्रेक हलकेच दाबले आणि गाडी गेटाच्या नेमकी बोटभर अलीकडे उभी केली.

गेटात कोणी नव्हतं. पूजा होऊन गेली होती, माडीवर पंगत बसली होती, वरून वाढप्यांचा गलका येत होता. भगवंतरावांनी हॉर्न वाजवला. एक मांजर आलं.

"मनकर्णा, उतर जराशी. मी कोपऱ्यावरून पुन्हा येतो."

"राहू द्या आता," ती माठ सावरत म्हणाली. "मले भूक लागली."

जिन्यात हेमंतराव भेटले, हातात वरणाची बादली घेऊन. चष्म्यावर वाफ आली होती. "अरे! किती उशीर! बस चुकली काय?"

भगवंतरावांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मनकर्णा बोलली. "नाही जी. थांबत थांबत आलो." आणि मग तिनं जिन्यातच, सरलाच्या चिवड्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. हेमंतराव बादली घेऊन ऐकत उभे राहिले, वर पंगत वरणाची वाट पाहत राहिली. नलिनीताई शोधायला खाली आल्या, त्याही तिथंच थांबल्या. "पुलावर उतरली तुम्ही? नुसतं पाहायला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला हेवा ऐकून हेमंतरावांनी चष्मा काढून पुसला.

उन्हं कलल्यावर ते परत निघाले. मनकर्णेच्या पोटात पुरणपोळी होती, पिशवीत चोळीचं कापड होतं. सुरुवातीला ती बोलत होती. मग बोलणं तुटक झालं, आणि मोहाच्या झाडांपाशी आल्यावर भगवंतरावांना पाठीवर वजन जाणवलं. तिनं डोकं टेकलं होतं. एक हात त्यांच्या कमरेभोवती होता, सैल. इतक्या वर्षांत ही बाई गाडीवर कधी झोपली नव्हती. झोपेल कशी? भगवंतरावांनी गाडी बैलबंडीच्या चालीवर आणली, डाव्या हातानं तिचं मनगट आपल्या पोटाशी धरलं, आणि खड्डे चुकवत, श्वाससुद्धा जपून घेत चालले.

पुढे वळणावर म्हशी आल्या. रस्ताभर पसरलेल्या, घरी निघालेल्या. भगवंतरावांनी पाय ब्रेकावर ठेवला आणि दाबला नाही, नुसता हळूहळू जड होऊ दिला. फटफटी थांबली ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी दोन्ही पाय जमिनीला लावले, इंजिन बंद केलं. मनकर्णा जागी झाली नाही.

म्हशी दोन्ही बाजूंनी गेल्या. शेवटची गेली. मागून येणारा म्हशीवाला काठी खांद्यावर टाकून थबकला. रस्ता मोकळा झाला तरी म्हातारा टोपीवाला गाडीवर तसाच बसलेला पाहून त्यानं विचारलं, "काय झालं काका? बंद पडली काय?"

भगवंतरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल बे," ते कुजबुजले. "बंद नाही पडली. थांबवली हाये."